घराण्याचा मान आणि लेकीचा हिस्सा

परभणी जिल्ह्यातल्या एका देशमुखांच्या वाड्यात माझा जन्म झाला आणि तशाच दुसऱ्या वाड्यात मी सून म्हणून गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी केली. निवृत्तीनंतर सासरहून परत आलेल्या, टाकून दिलेल्या, पोटगीसाठी खेटे घालणाऱ्या पोरींसोबत तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात जाऊ लागले. त्यामुळे मोठ्या घरची लग्नं मला लेक म्हणूनही माहीत आहेत, सून म्हणूनही, आणि मोडलेल्या संसाराचे कागद चाळणारी बाई म्हणूनही.

या सगळ्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. नावाजलेल्या घरात सुनेचा छळ होतो तेव्हा लोक सासूचा स्वभाव, नवऱ्याचं व्यसन, पोरीचं नशीब यांवर बोलतात. खरं कारण बहुतेक वेळा जमिनीच्या हिशेबात सापडतं. ज्या घरात बाईला मान आहे पण मालकी नाही, तिथं तो मान कधीही काढून घेता येतो. जे पाहिलं त्यातून जे समजलं, ते क्रमाने सांगते.

१. सोयरीक जुळते तेव्हा आधी जमीन पाहिली जाते, पोरगी नंतर

आमच्याकडे स्थळ आलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: जमीन किती, त्यात बागायत किती, आणि भाऊ किती? मुलीचं शिक्षण, तिची तब्येत, तिचं मन या गोष्टी त्यानंतर आल्या तर आल्या.

याला इतिहास आहे. निजामाच्या राज्यात परगण्याचा सारा वसूल करणं हे देशमुखांचं काम होतं. १८६० च्या दशकात पहिल्या सालारजंगांनी राज्याचे जिल्हे पाडले, पगारी अधिकारी नेमले आणि वसुली त्यांच्या हाती दिली. देशमुख-देशपांड्यांना त्या बदल्यात रोख रुसूम, म्हणजे हक्काची रक्कम, मिळू लागला. काम गेलं, पण मान राहिला, आणि तो टिकवायला बरोबरीच्या घराशी नातं जोडणं हाच मार्ग उरला. लेक देणं-घेणं म्हणजे दोन घराण्यांचा करार होता. ज्यांच्यावर तो करार उभा, त्या पोरीला विचारायची रीत नव्हती.

पुढे १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, १९५० च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाले आणि १९६१ साली महाराष्ट्रात जमीनधारणेवर मर्यादा, म्हणजे सिलिंग, आली. वाड्यांची मिळकत आटत गेली, लग्नाचा थाट मात्र तसाच राहिला. सिलिंगच्या त्या काळात अनेक घरांनी जमिनी वाचवायला त्या सुना, लग्न झालेल्या लेकी, विश्वासातले सालगडी यांच्या नावावर चढवल्या. पुढे काही वर्षांनी त्याच बायकांना तालुक्याला नेऊन अंगठे घेतले आणि जमिनी परत भाऊ-दिरांच्या नावावर केल्या. आपल्या नावावर एवढी जमीन होती हे त्यातल्या कितीतरी जणींना मरेपर्यंत कळलं नाही.

२. लग्नाची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी

आमच्याकडे सुपारी फोडायच्या बैठकीत देण्याघेण्याची यादी होते. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बैठकीत बसतात, एकजण लिहितो, आणि खाली सह्या होतात. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत तिच्या लग्नाची यादी मला सापडली. जाड पिवळा कागद, काळी शाई, घडीवर चिरलेला. वर गणपतीचं नाव, मग वराकडच्या मंडळींच्या मानाची रांग: वरदक्षिणा, वरबापाला फेटा आणि उपरणं, वरमाईला लुगडं, करवलीला चोळीखण, थोरल्या जावयाला अंगठी, गड्यांना धोतरजोडी, घोड्याचा खर्च, वाजंत्री, दोन वेळच्या पंगती. नवरीचा उल्लेख पार शेवटी, एका ओळीत: अंगावरचे डाग. किती तोळे ते लिहिलं होतं. ते डाग कुणाच्या ताब्यात राहतील, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

माझ्या लग्नाच्या यादीत घोड्याच्या जागी मोटरसायकल आली. माझ्या भाचींच्या वेळी चारचाकी, पुण्यातला फ्लॅट, आणि "मुलाला बिझनेस टाकून द्या" ही मागणी आली. वस्तू बदलल्या, कागदाची मांडणी तीच राहिली. सगळं काही पोरीच्या नावाने दिलं जातं आणि त्यातलं बहुतेक दुसऱ्यांकडे जातं.

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा आहे. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच कायद्यातलं सहावं कलम मात्र फार थोड्यांना माहीत असतं. लग्नात दुसऱ्या कुणीही हुंडा म्हणून जे घेतलं असेल, ते ठरलेल्या मुदतीत, साधारणपणे तीन महिन्यांत, त्या बाईच्या हवाली केलं पाहिजे, असं ते सांगतं. आणि १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की स्त्रीधन हे बाईच्या एकटीच्या मालकीचं आहे. सासरच्यांनी ते दाबून ठेवलं तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो. मी पोरींना सांगते, दागिन्यांच्या पावत्या स्वतःच्या नावाने करा, लग्नातले फोटो जपून ठेवा, लॉकर स्वतःच्या नावावर घ्या. माहेरच्यांना हे अभद्र बोलणं वाटतं. परत आलेल्या पोरीचे कागद माझ्यासमोर येतात तेव्हा नेमकं हेच त्यात नसतं.

२०२५ च्या मे महिन्यात पुण्याजवळच्या एका राजकारणातल्या घराण्याच्या सुनेचा मृत्यू झाला आणि लग्नात दिलेली आलिशान गाडी, पन्नासवर तोळे सोनं हे आकडे घराघरांत बोलले गेले. पुष्कळ ठिकाणी समाजाच्या बैठका झाल्या, साध्या लग्नाची आचारसंहिता ठरली. मला त्याचा आनंद झाला. पण पंगती आणि डीजे कमी करून हा प्रश्न मिटणार नाही. बापाने लेकीला द्यायचं ते जावयाला का द्यावं, हा प्रश्न त्या बैठकांत विचारला गेला पाहिजे.

३. गोषाने अब्रू राखली नाही, हिशेब लपवला

माझ्या सासूबाई दिवसा वाड्याच्या दिंडीदरवाज्याबाहेर पडल्या नाहीत. देवाला जायचं तर पडदा लावलेल्या दमणीतून. गोषा हे खानदानीचं लक्षण मानलं जायचं, आणि त्या स्वतःही ते अभिमानाने सांगायच्या.

सासरे अचानक गेले तेव्हा त्या अभिमानाची किंमत कळली. घरची जमीन कोणत्या शिवारात आहे, तिचा गट नंबर काय, विहीर कुणाच्या वाट्याला, बटईदार कोण, सोसायटीचं कर्ज किती, यातलं सासूबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्याच शेतात खुरपायला येणाऱ्या बायांना बांध न् बांध पाठ होता. ज्या बाईच्या नावाने गावात लोक वाट सोडून उभे राहायचे, तिला आपलं शेत दुसऱ्यांनी दाखवावं लागलं. दिरांनी पुढे केलेल्या कागदांवर त्या सह्या करत गेल्या, आणि वर्षभरात रस्त्याकडेची काळी जमीन भाऊबंदांकडे गेली होती.

तेव्हापासून मी प्रत्येक सुनेला सांगते, महिन्यातून एकदा तरी शेतावर जा. सातबारा आणि आठ-अचे उतारे काढ, वाच, फेरफाराचे नंबर लिहून ठेव. आता उतारा मोबाईलवर बघता येतो. "तुला काय करायचंय त्यात" असं उत्तर मिळालं, तर तिथंच जास्त लक्ष घाल.

४. मूल झालं नाही की दोष बाईचा, हा न्याय राजवाड्यातही तोच होता

माझ्या थोरल्या आत्याला मूल झालं नाही. लग्नाला पुरती दहा वर्षं व्हायच्या आत सवत आली, आणि तिलाही मुली झाल्या म्हणून तिसरी आली. आत्याबाई माजघरातून कोठीच्या खोलीत गेल्या. थोरली म्हणून हळदीकुंकवाला पहिला मान त्यांचा. धान्याच्या कणग्यांची किल्ली मात्र धाकटीच्या कमरेला. त्यांच्या नवऱ्याची तपासणी करावी असं तीन लग्नांत कुणाच्या मनात आलं नाही.

त्या काळी कायद्यानेही पुरुषाला अडवलं नव्हतं. मुंबई इलाख्यात हिंदूंच्या दुसऱ्या लग्नावर १९४६ साली बंदी आली. परभणी निजामाच्या राज्यात, त्यामुळे आमच्या बायकांना १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत थांबावं लागलं.

खुद्द निजामाच्या घरात काय घडलं तेही पाहा. १९३१ साली फ्रान्समधल्या नीस शहरात निजामाच्या दोन मुलांची लग्नं तुर्कस्तानच्या पदच्युत राजघराण्यातल्या दोन मुलींशी झाली. थोरल्या आझमजाहशी दुर्रेशहवार, धाकट्या मोअज्जमजाहशी निलोफर. निलोफर तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिच्या सौंदर्याची जगभर चर्चा झाली. पण तिला मूल झालं नाही. युरोपातल्या डॉक्टरांचे उपाय झाले, आणि १९४८ साली नवऱ्याने दुसरं लग्न केलं. १९५२ साली ते दोघं कायमचे विभक्त झाले. तिची एक दासी बाळंतपणात दगावली तेव्हा बायका-मुलांसाठी चांगला दवाखाना हवा म्हणून तिने आग्रह धरला. हैदराबादचं निलोफर रुग्णालय आजही तिच्या नावाने उभं आहे. मला हे फार मोठं वाटतं. ज्या दुःखाने तिला राजवाड्यात परकं केलं, त्याच दुःखातून तिने दुसऱ्या बायकांच्या लेकरांसाठी काम उभं केलं.

आजही "वारस पाहिजे" म्हणून गुपचूप दुसरं लग्न लावणारी घरं आहेत. पहिली हयात असताना, फारकत झालेली नसताना केलेलं हिंदू लग्न कायद्यात टिकत नाही आणि तो गुन्हा आहे. दुसरीच्या मुलांना आईबापाच्या मालमत्तेत हक्क मिळतो, पण त्या दुसरीला बायको म्हणून वारसा मिळत नाही. म्हणजे अशा लग्नात दोन्ही बायका लुबाडल्या जातात. दुसरीला "मोठ्या घरात पडलीस" म्हणून पाठवणाऱ्या आईबापांनी हे आधी समजून घ्यावं.

५. नाही म्हणायला पाठीशी काहीतरी असावं लागतं

मराठी राजघराण्यांतलं सर्वांत गाजलेलं "नाही" बडोद्याच्या इंदिराराजेंचं. सयाजीराव गायकवाड आणि चिमणाबाई यांची ही एकुलती एक लेक. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. ते वयाने बरेच मोठे, पहिलं लग्न झालेलं आणि मूल नसलेलं. ही दुसरी राणी होणार होती. १९११ साली तिने कुणालाही न विचारता शिंद्यांना स्वतः पत्र लिहून लग्न मोडलं, आणि १९१३ साली कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. दोन मोठ्या संस्थानांची सोयरीक एका पोरीने पत्रावर मोडली, याचा त्या काळी केवढा गहजब झाला असेल!

पण हे धाडस हवेतून आलं नव्हतं. बडोद्यात १९०४ सालीच बालविवाह रोखणारा कायदा होता, मुलींच्या शाळा होत्या, आणि तिच्या आईने १९११ सालीच स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केलं होतं. शिक्षण होतं, घरात विचार होता, पैसा होता. तरीही एकटीचं धाडस पुरत नाही. याच इंदिराराजेंची लेक गायत्रीदेवी १९४० साली जयपूरच्या महाराजांची तिसरी राणी झाली, तीही स्वतःच्या पसंतीने. बाईने निवड केली म्हणून पद्धत बदलतेच असं नाही.

त्याच्याही आधी, १८८२ साली, आमच्यापासून फार दूर नसलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी "स्त्री-पुरुष तुलना" लिहिलं. सुरतेच्या एका विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, त्या प्रकरणावरून संताप येऊन लिहिलेलं हे पुस्तक. ताराबाई कुळवंत मराठा घरातल्या. टीका एवढी झाली की जोतीराव फुल्यांना त्यांच्या बाजूने लिहावं लागलं. मला वाटतं, आपल्या भागातल्या प्रत्येक नववधूला आहेरात हे पुस्तक द्यावं.

६. वाड्यावरचा रिवाज वस्तीवर उतरतो

पोरगी "मोठी" व्हायच्या आत उजवावी, विधवेने पुन्हा संसार करू नये, पंगत मोठी व्हावी, हुंडा दिल्याशिवाय शोभा नाही, हे नियम आधी वाड्यांचे होते. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी ते प्रतिष्ठा म्हणून उचलले. वाड्याने पाच एकर विकून लग्न केलं, तर कोरडवाहू दोन एकरवाल्याने सावकाराकडून उचल घेऊन केलं. वाडा त्यातून सावरला, तो गरीब माणूस मेटाकुटीला आला.

आणि गरिबाच्या घरात भीतीची भर पडते. गंगाखेड, सोनपेठ, पालम, पाथरी या भागांतून माणसं ऊसतोडीला जातात. सहा-सहा महिने आईबाप फडावर. वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग तिचे हात पिवळे केले जातात. तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात, त्या जोडीसाठीही लग्न घाईने उरकतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा २१.९ टक्के. आमचा जिल्हा राज्यात सर्वांत वर. वर्गात मागच्या बाकावरची हुशार पोरगी दिवाळीनंतर आली नाही की मी समजायचे. बहुतेक वेळा आधी वही येणं बंद व्हायचं, मग ती.

यात करता येण्यासारखं पुष्कळ आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंध अधिकारी आहे आणि अंगणवाडी सेविका त्याला मदत करते. १०९८ या नंबरवर फुकट फोन लागतो, नाव सांगावं लागत नाही. मांडव घालणारा, आचारी, भटजी, मंगल कार्यालयवाला, लग्नाला हजर राहणारे पुढारी, सगळे गुन्ह्यात येऊ शकतात. पण लग्न थांबवणं हे अर्धं काम. थांबवलेल्या पोरीचं वसतिगृह, तिची फी, तिचा एसटीचा पास याची व्यवस्था त्याच आठवड्यात झाली नाही, तर पुढच्या तिथीला दुसऱ्या गावात तिचं लग्न लागतं. आणि वाड्यातल्या माणसांनी ठरवावं की अठराच्या आतल्या लग्नाला आम्ही अक्षता टाकायला जाणार नाही. गावात त्याचा परिणाम पोलिसापेक्षा लवकर होतो.

७. माहेर हक्कसोड मागतं, तेव्हा सही करायच्या आधी विचार करावा

वडील गेले ते २००५ नंतर. तेराव्याचं गोडजेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "ताई, जरा तालुक्याला जाऊन येऊ." निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर आम्ही दोघी बहिणी बसलो होतो. मुद्रांक विकणाऱ्याने कागद आधीच टाइप करून आणला होता. त्यात लिहिलं होतं की आमच्या लग्नात आमचा सगळा हिस्सा खर्च झाला, आता आमचं काही मागणं नाही, आम्ही राजीखुशीने हक्क सोडत आहोत. खाली आमच्या नावांपुढे पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या. धाकटीने पदराने डोळे पुसले आणि सही केली. तिचं म्हणणं होतं, सही नाही केली तर माहेरचं दार बंद होईल.

मी सही केली नाही. भावाला एवढंच म्हणाले, "लग्नातला खर्च माझ्यावर झाला नाही दादा, तो आलेल्या पाहुण्यांवर झाला." त्या दिवसापासून तो माझ्याशी पूर्वीसारखा बोलत नाही. त्याचं दुःख मला आजही आहे, आणि ते मी लपवणार नाही. हिस्सा मागणं म्हणजे नातं तोडणं, असं आपल्याकडे मानलं जातं, आणि हिस्सा बुडवणाऱ्याला तसं कुणी म्हणत नाही.

कायदा सांगायचा तर असा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने लेकीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली लग्न न झालेल्या लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरातल्या सगळ्या हिंदू लेकींना, लग्न झालेल्या असोत वा नसोत, जन्मापासून तो हक्क मिळाला. २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या तारखेला बाप हयात असलाच पाहिजे अशी अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. आणि तलाठ्यासमोर नुसता जबाब दिल्याने हक्क जात नाही, त्याला नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं.

माझ्या वाट्याला आलेली दोन एकर मी बटईने लावली आहे. तूर आणि सोयाबीन होतं. फार पैसे येत नाहीत, पण त्या पैशांतून एखाद्या पोरीची कोर्टाची फी, एखादीची वसतिगृहाची फी भरली जाते, आणि त्यासाठी मला घरात कुणाकडे हात पसरावा लागत नाही.

८. पगार येतो म्हणून बाई मोकळी होते, असं नाही

नोकरी लागली की सगळं सुटेल, असं मलाही शिकवलं गेलं होतं. नोकरीने धीर येतो, जग कळतं, पोरीला तोंड फुटतं हे खरं. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकून शेतीच्या पदव्या घेतलेल्या पोरी मी पाहते तेव्हा ऊर भरून येतो. पण त्यांतल्याही कितीतरी जणींचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं, पगारावर दिराच्या नावाने कर्ज काढलेलं असतं, आणि सासरचं घर बांधायला त्यांनी हप्ते भरलेले असले तरी घराच्या कागदावर त्यांचं नाव नसतं. पोरींना मी एवढंच सांगते, ज्या वस्तूचा हप्ता तू भरतेस तिच्या कागदावर तुझं नाव असलंच पाहिजे. हे पहिल्या हप्त्याच्या आधी बोलावं, नंतर बोलायला फार उशीर झालेला असतो.

९. पुरुषांनी स्वतःहून दिलं, असंही घडलं आहे

निराश व्हायचं कारण नाही, कारण याच मातीत दुसरं उदाहरणही आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि लाखावर बायका तिथं जमल्या. त्यातून पुढे लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम आला. बायकोने आयुष्यभर शेतात राबून घर उभं केलं, तिचं देणं फेडायचं म्हणून शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीतला काही भाग तिच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर कुटुंबं असं करतील ते लक्ष्मी मुक्ती गाव. परभणी हा तेव्हा संघटनेचा बालेकिल्ला. संघटनेचे बिल्ले लावलेले शेतकरी तलाठ्याकडे जाऊन बायकोचं नाव लावून घेत. १९९२ साली शासनानेही परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं.

माझ्या नवऱ्याने तो अर्ज केला तेव्हा वाड्यात कुजबुज झाली. दीर म्हणाले, बायकोच्या ताटाखालचं मांजर झाला. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "माझ्या मागं तिला तुमच्या तोंडाकडं बघायची पाळी येऊ नये, एवढंच." सासूबाईंवर काय वेळ आली होती ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते गेल्यावर जमिनीच्या कागदावरून मला एक दिवसही त्रास झाला नाही. त्यामुळे मी पुरुषांना दोष देत बसत नाही. आपल्या आईचे हाल आठवणाऱ्या मुलाला योग्य वेळी योग्य कागद दाखवला, तर तो सही करतो.

१०. सुपारी फोडायच्या आधी बोलायच्या गोष्टी

आता लग्नसराई येईल. ज्यांच्या घरात लेक उजवायची आहे त्यांना मला हात जोडून सांगायचं आहे. यादी लिहायला बसाल तेव्हा पहिल्या ओळीत पोरीचं नाव लिहा आणि तिच्या वयाचा दाखला समोर ठेवा. जावयाला गाडी द्यायची ऐपत असेल तर तेवढ्या किमतीची जमीन, प्लॉट किंवा मुदतठेव लेकीच्या एकटीच्या नावावर करा. मुलाकडच्यांना सरळ विचारा, आमच्या लेकीचं नाव सातबाऱ्यावर कधी लागेल? हा प्रश्न ऐकून जे उठून जातील त्यांना जाऊ द्या, त्या घरात तुमच्या लेकीची पुढची चाळीस वर्षं कशी गेली असती ते तुम्हाला फुकटात कळलं.

आणि ज्यांच्या घरात सून येणार आहे त्यांनी, विशेषतः नावाजलेल्या घरांनी, हे स्वतःहून करावं. गाव अजून तुमच्याकडे पाहून चालतं. हुंड्याचा रिवाज तुमच्या ओसरीवरून खाली उतरला, तर सुनेच्या नावाचा फेरफारही तिथूनच उतरेल. राज्यात १ मे २०२४ पासून मुलाच्या नावात आईचं नाव लावणं सुरू झालं आहे. आता तेच नाव जमिनीच्या उताऱ्यावर लावा. तलाठ्याकडे अर्ज द्या, नोंद मंजूर झाली की उतारा काढून सुनेच्या हातात ठेवा, आणि तिला तिचं शेत दाखवायला स्वतः घेऊन जा.